पाठ टेकायची नाही

हंगाम मोडायला सव्वा महिना राहिला होता तेव्हा आबा मिठागराच्या बांधावर पडले. पाय घसरून नाही की ठेच लागून नाही. मुकादमाने नाव पुकारलं, आबांनी "हजर" म्हणून हात वर केला आणि हात वर असतानाच ते गुडघ्यांतून खाली आले. मागे उभ्या असलेल्या सुनेच्या हातात नुसतं त्यांच्या डोक्याचं फडकं आलं. मुकादम तोवर पुढचं नाव पुकारून मोकळा झाला होता.

माणसं धावली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी पाय उचलून वर धरले. मिनिटभरात आबांनी डोळे उघडले.

"हजेरी लागली का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"लागली, आबा."

"मग झालं तर," असं म्हणून ते उठायला गेले आणि पुन्हा खाली आले.

हसण्यासारखी गोष्ट नव्हती, पण दोघंतिघं हसले. सुनेला कुणाचंही हसू आठवत राहायचं. तशी तिला खोडच होती.

त्या मिठागरात मीठ पिकवायचा एकेक वाफा एकेका माणसाच्या नावावर असे. तो माणूस सकाळी साडेसहाला बांधावर उभा राहिला पाहिजे आणि स्वतःच्या तोंडाने "हजर" म्हणाला पाहिजे. मग दिवसभर मीठ त्याच्या घरातल्या कुणीही ओढावं, मालकाची हरकत नसे. मागे कुणीतरी आजारी बापाला खाटेवर घालून हजेरीला आणलं होतं, तेव्हापासून मालकाने 'स्वतःच्या पायावर' हे दोन शब्द नियमात घातले. तीन सकाळी लागोपाठ चुकल्या की वाफा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जायचा. आबांनी एकेचाळीस वर्षं एकच वाफा धरला होता. हंगाम पुरा उभे राहिलात तर पुढल्या साली मुलाचं नाव लावू, असा शब्द मालकाने या वेळी दिला होता. म्हणजे काय, तर सव्वा महिना. रोजचं पाच मिनिटं उभं राहणं. एवढंच सगळं होतं, आणि तेवढंच आबांना जमेनासं झालं होतं.

आबांना सगळे 'जीभवाले' म्हणत. मालकाकडे पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी होती. पण नळीचं आणि आबांचं जुळलं नाही तर मालक नळी बाजूला ठेवी. आबा वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि सांगायचे, "अजून दोन उन्हं." दोन उन्हं म्हणजे दोनच. तिसऱ्या दिवशी मीठ तळाशी बसलेलं असायचं, जाड आणि पांढरं. सून लग्न होऊन आली तेव्हा मीठ ओढायची फळी धरायला तिला आबांनीच शिकवलं. नवरा शिकवायला लागला की ओरडायचा. आबा ओरडत नसत. "फळीला ढकलू नकोस पोरी, तिला ओढ. मीठ भांडकुदळ असतं, ढकललं की रुसतं," असं काहीतरी बोलत राहायचे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आबांना आधी आडवं करून रक्तदाब मोजला, मग उभं करून. उभं केल्यावर आकडा असा घसरला की बाईंनी पट्टा काढून दुसऱ्या हाताला बांधून पाहिला. तोही तसाच.

"उभं राहिलं की सगळ्यांचंच रक्त पायांकडे उतरतं," बाई म्हणाल्या. "आपल्या नसा आवळतात आणि ते वर ढकलतात. यांच्या नसा ढिल्या पडल्यात. एक दिवस असेच पडतील आणि डोकं फुटेल, नाहीतर उठणारच नाहीत. ही गोळी नसा आवळते. सकाळी एक, दुपारी एक, आणि लागलीच तर तिसरी चारच्या आत. आता नीट ऐका. गोळी घेतल्यावर चार तास पाठ टेकायची नाही. बसवा, उभं करा, फिरवा. पण आडवं करायचं नाही. आडवं केलंत तर तेच रक्त डोक्यात चढेल."

"डोळा लागला तर?" सुनेने विचारलं.

"बसल्या बसल्या लागू दे. रात्री पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा घाला. आणि आबा, जेवणात मीठ वाढवायचं बरं का."

आबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "बाई, सगळा जन्म मिठात उभा राहून काढला, आणि मलाच मीठ कमी पडलं?"

नवरा दाराशी उभा राहून बसची वेळ बघत होता. त्याने निम्मं ऐकलं. त्याचं ऐकणं नेहमी निम्मंच असायचं, उरलेलं निम्मं बायकोने ऐकलंय अशी त्याची खात्री असायची.

दुसऱ्या दिवसापासून घराचं घड्याळ गोळीवर चालू लागलं. साडेपाचला सून आबांना पलंगावर बसतं करायची, अर्धा तांब्या पाणी पाजायची, गोळी द्यायची. मग दोघं वाट बघत बसायचे. अर्ध्या तासाने आबा डोकं खाजवू लागायचे. "मुंग्या आल्या," ते म्हणायचे. टाळूवर मुंग्या, मग मानेवर, मग दोन्ही हातांवर काटा उभा राहायचा, थंडी वाजल्यासारखा. बाईंनी सांगितलंच होतं की असं होतं, औषध लागू पडल्याची खूण आहे. काटा आला की सून हात द्यायची, आबा उभे राहायचे आणि उभे राहिलेले राहायचे. पहिल्या दिवशी तर तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बांधावर ती त्यांच्या मागे एक हात अंतर सोडून उभी राही. धरायचं नाही. धरलं तर मुकादम म्हणणार, हे सुनेच्या पायावर उभे आहेत.

"काय गं, आज चावी दिली का म्हाताऱ्याला?" मुकादम रोज विचारायचा. पहिल्या दिवशी माणसं हसली, चौथ्या दिवशी हसेनाशी झाली, तरी मुकादम विचारायचाच. सून मान खाली घालून हसल्यासारखं करायची. वही त्याच्या हातात होती.

हजेरी झाली की आबांना बांधाच्या कडेला पत्र्याच्या सावलीत उलट्या टोपलीवर बसवून ती वाफ्यात उतरायची. पोटरीभर खारं पाणी. टाचांच्या भेगांत मीठ शिरून अशी आग व्हायची की पहिली पाच मिनिटं ती दात आवळूनच फळी ओढायची. पुढच्या बाजूला नवरा मिठाचे ढीग लावत असायचा. मध्येच ती मान वळवून टोपलीकडे बघे. आबा बसलेले. डोकं छातीवर. पुन्हा बघे. अजून बसलेले. साडेनऊला नवरा त्यांना घरी सोडून यायचा, आणि दहाच्या पुढे पाठ टेकायची मुभा असायची. बाराला ती घरी पळत जायची, दुसरी गोळी द्यायची, की पुन्हा चार तास.

दुपारची गोळी मोठी अवघड. सकाळी निदान चार माणसं समोर असतात, दुपारी घर रिकामं. खुर्चीत बसल्या बसल्या आबांचा डोळा लागायचा आणि ते एका अंगाला कलायचे. एकदा तर ती घरी आली तेव्हा ते जमिनीवर, कपाळाला टेंगूळ. मग आबांनीच तोड काढली. जुनी चादर फाडून केलेली हातभर रुंद पट्टी त्यांनी पोटावरून घेतली आणि खुर्चीच्या पाठीमागे तिला गाठ मारायला लावली.

"घट्ट बांध. नाहीतर पळून जाईन कुणाचा तरी हात धरून."

"कोण येणार आहे हो तुमच्याबरोबर?"

"त्याची काळजी तू करू नकोस. तू गाठ मार."

ती गाठ मारायची, हाताशी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि पळत वाफ्यावर. पळताना दर वेळी तिला वाटायचं, आपण माणसाला बांधून चाललोय. वाटायचं, आणि तरी ती पळायची.

शेजारणीला सगळे रेडिओ म्हणत. बाई वाईट नव्हती. अडल्यानडल्याला वाटीभर साखर द्यायची, पण साखरेबरोबर बातमीही न्यायची. तिने एकदा दुपारी खिडकीतून डोकावून आबांना खुर्चीला बांधलेलं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर चार बायकांना सांगितलं. वाफ्यापायी म्हाताऱ्याला गोळ्या चारून उभं करतात, आणि दिवसभर खुर्चीला बांधून ठेवतात. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. त्यामुळे त्या खोडायच्या कशा हे सुनेला कळेना. चार तास, नसा, डोक्यात चढणारं रक्त, हे सगळं पाणवठ्यावर उभं राहून सांगायला गेलं की तिचं तिलाच ते खोटं वाटू लागायचं.

मग एका रविवारी नणंद आली. आबांची एकुलती लेक, दोन गावं सोडून दिलेली, सुनेच्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी. आईविना वाढलेली म्हणून बापावर फार जीव. आल्या आल्या तिने आबांच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलात हो," म्हणाली, आणि सुनेकडे बघितलं.

सुनेने सगळं सांगितलं. गोळीचं पाकीट दाखवलं, बाईंचा कागद दाखवला. "वन्सं, गोळीनंतर चार तास त्यांना आडवं करायचंच नाही. काहीही झालं तरी."

"आजारी माणसाला पाठ टेकू द्यायची नाही, असलं औषध बाई मी तरी ऐकलं नाही," नणंद म्हणाली. "बरं पडतंय ना पण. हजेरीही होते."

सुनेला ते वर्मी लागलं. लागलं, कारण त्याच सकाळी आबा तिला म्हणाले होते, "आज राहू दे, पोरी. अंगात नाही." आणि ती म्हणाली होती, "आबा, बावीस दिवस राहिलेत फक्त." आबांनी मुकाट्याने तोंड उघडून जीभ बाहेर काढली होती, लहान पोरासारखी. तिने त्या जिभेवर गोळी ठेवली होती. तेव्हा तिला स्वतःच्या आवाजाचा राग आला होता, आणि आता वन्संचाही आला. दोन्ही राग तिने गिळले आणि चहा टाकला.

हंगामाचे नऊ दिवस राहिले. ऊन असं तापलं होतं की वाफ्यातलं पाणी दुपारी पायाला चटके देत होतं. बाराला सून घरी आली, गोळी दिली, पट्टी बांधली. आबांनी तिची ओली बोटं ओढून जिभेला लावली. "उद्या ओढा," म्हणाले. "आजची संध्याकाळ थांबा. घाई केलीत तर मीठ बारीक पडेल."

"बरं," म्हणून ती निघाली.

साडेतीनला ती परत आली तेव्हा दार उघडं होतं. दाराशी वन्संच्या चपला. खुर्ची रिकामी. पट्टी खाली पडलेली, आणि सोडलेली नव्हे, कापलेली. बाजूला तिचीच भाजीची सुरी.

आबा पलंगावर होते. उताणे. उशाकडच्या विटा काढून भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. डोक्याखालची उशी पायांखाली घातलेली. अंगावर दोन गोधड्या, त्या उन्हात. नणंद उशाशी बसून त्यांचं कपाळ चेपत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसती माया होती.

"हळू," नणंद कुजबुजली. "आत्ता कुठे शांत झालेत. रेडिओने फोन केला म्हणून आले, आणि बघते तर काय! बांधून घातलेले, अंगावर हा असा काटा, थंडीने कुडकुडतायत. ताप भरला होता गं त्यांना! माणूस आहे का जनावर? डोकं ठणकतंय म्हणत होते, केव्हाची चेपत बसलेय."

"वन्सं, उठवा त्यांना."

"पाय वर ठेवलेत. चक्कर येते ना, म्हणून."

"उठवा! बसतं करा आधी!"

सुनेने आबांच्या काखेत हात घातला. नणंदेने तिचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. आज एक दिवस तरी त्यांना पाठ टेकू दे. माझे वडील आहेत." दोघी त्या देहाला दोन बाजूंनी ओढत राहिल्या, एक वर, एक खाली. गोधडी घसरली आणि आबांचं तोंड त्यांच्याकडे वळलं. ओठाचा डावा कोपरा खाली आला होता. त्यातून लाळ गळत होती. उजवा डोळा सुनेकडे बघत होता, डावा कुठेच नाही.

नणंदेच्या हातातून तिचं मनगट आपोआप सुटलं.

दवाखान्यात बाईंनी आकडा वाचला आणि ओठ चावला. दोनशेच्या वर वीस. डोक्यातली नस फुटली होती. डावं अंग गेलं होतं, वाचा गेली होती.

"गोळी कधी दिली होती?"

"बारा वाजता," सून म्हणाली.

"आणि त्यानंतर आडवे झाले होते का?"

नणंद भिंतीला टेकून उभी होती. तिने सुनेकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला कळलं होतं. बावीस दिवस राहिले असताना तिला जे सांगितलं होतं, ते आता कळलं होतं.

"गोळ्या हीच देते," नवरा म्हणाला. "सगळं हीच बघते."

बाईंनी सुनेकडे बघितलं. नुसतंच बघितलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

नळापाशी सून तोंड धूत होती, तेव्हा नवरा मागे येऊन उभा राहिला. हात खिशात, नजर पायाशी.

"ताईला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "आपल्या हातून बापाचं असं झालं हे तिच्या मनात बसलं तर ती जगायची नाही. तिला पेलणार नाही ते."

"आणि मला?"

नवऱ्याने विचार केला. त्याने खरंच विचार केला, हे तिला दिसत होतं.

"तुला लोक तसंही बोलतातच," तो म्हणाला.

तिने नळ बंद केला. ती बोलली असती. तोंडात शब्द तयार होते. पण गाठ तिने मारली होती, आणि 'बावीस दिवस राहिलेत' हेही तीच म्हणाली होती. हे शेवटचं तिला आणि आबांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आबांची वाचा गेली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन आबांच्या पायाशी बसली.

चौथ्या दिवशी मुकादमाने वहीचं पान उलटलं. नवरा बांधावर जाऊन हात जोडून आला. फक्त पाचच दिवस राहिलेत, म्हणाला, एकेचाळीस वर्षं झाली, म्हणाला. मुकादमाने त्याला नियमातल्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवून दाखवलं. यादीत पुढचं नाव रेडिओच्या नवऱ्याचं होतं. त्यासाठी रेडिओने काही केलं होतं असं नव्हे. तिला नुसती बातमी प्यारी होती, वाफा तिला आपोआप मिळाला. नव्या धन्याने वाफ्यात नवं पाणी घेतलं आणि पुरती उन्हं न देताच घाईने मीठ ओढलं. बारीक पडलं. पण पडलं.

आबांना घरी आणल्यावर नणंद आठ दिवस राहिली. भरवलं, पुसलं, रडली. जाताना अंगणात बायका जमल्या होत्या. नणंदेने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढंच समाधान, बाई. दोन तास का होईना, माझ्या हातून त्यांना पाठ टेकायला मिळाली." बायकांनी माना डोलावल्या. सून दारात पिशवी घेऊन उभी होती. तिने पिशवी वन्संच्या हातात दिली आणि वाकून पायाला हात लावला. वन्संनी आशीर्वाद दिला नाही, फक्त पाय मागे घेतला.

पुढल्या हंगामाचे वाफे भरले तेव्हा नवरा शहराकडे कामाला गेला होता. सून मिठागरातच राहिली. फळी तिला येत होती, दुसरं काही येत नव्हतं. तिला कामाला घेतलं रेडिओच्या नवऱ्याने. तोच वाफा, तेच पाणी, तीच आग टाचांत. फक्त मीठ कधी ओढायचं हे आता काचेची नळी सांगायची.

एका संध्याकाळी रेडिओ आबांना बघायला आली. रिकाम्या हाताने नाही, वाटीभर साखर घेऊन आली. आबा पलंगावर उताणे पडलेले होते, जसे सकाळी होते, जसे काल होते. आता गोळी नव्हती, घड्याळ नव्हतं, विटाही कुणीतरी चुलीला नेल्या होत्या. त्यांचा चालता हात गोधडीवरून सरकत पोटापाशी गेला आणि तिथे चाचपडत राहिला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. सुनेला कळलं, ते पट्टी शोधत होते.

"बघ बाई," रेडिओ मायेने म्हणाली. "आता कसे निवांत पडलेत. नाहीतर काय हाल चालले होते त्यांचे!"

"हो," सून म्हणाली.

"तुझाही जीव सुटला त्या धावपळीतून."

सुनेने आबांचा हात उचलून बाजूला ठेवला. मग ती रेडिओसाठी चहा टाकायला उठली. तिच्याच साखरेचा. उद्या साडेसहाला तिच्याच वाफ्यावर जायचं होतं.